तोंडाने सांग

१० जून २०२४, सोमवार

थेरपिस्ट मॅडमनी वही ठेवायला सांगितली आहे. शमिकाने कुठला शब्द कधी म्हटला, कसा म्हटला, ते रोज लिहायचं. मराठीचा मास्तर आहे मी, लिहायचा कंटाळा नाही. मग नुसते शब्द कशाला, सगळंच लिहू.

शमिका सहा वर्षांची झाली. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. साडेतीन वर्षांची असताना मुंबईला ऑपरेशन झालं, कानामागे मशीन आलं. ऑपरेशनआधी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, कानाची नस फार बारीक आहे, किती फायदा होईल सांगता येत नाही. अपूर्वा तेव्हा बाहेर लेकीला खेळवत होती. ते वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आजपर्यंत अकरा शब्द. आपल्याला ओळखू येतील असे सात.

घरात नियम केला आहे: खुणा बंद. जे हवं ते तोंडाने मागायचं. हात चालले की जीभ आळशी होते.

१९ जून, बुधवार

‘पाणी’ म्हणताना ‘पापी’ म्हणते. आज पेला हातात धरून बसलो. ‘पा-णी’ म्हटल्याशिवाय द्यायचा नाही. वीसेक मिनिटं गेली. शेवटी ‘पाई’ म्हणाली. दिला. एका दमात प्यायली.

अपूर्वा ओट्याशी पाठ करून उभी होती. म्हणाली, “तहान लागली होती हो तिला.”

“तहान लागली की माणूस शिकतो,” मी म्हटलं.

संध्याकाळी वह्या तपासताना स्वयंपाकघरातून शमिकाचं हसणं ऐकू आलं. खिदळत होती अगदी. मी दारात गेलो तर दोघी गप्प. अपूर्वाचे हात पदराखाली, शमिकाचे पाठीमागे. काय चाललं होतं विचारलं तर म्हणाली, “काही नाही, पोळी करपली.” पोळी करपल्यावर एवढं हसायला काय येतं?

२७ जून, गुरुवार

अपूर्वा दर गुरुवारी शमिकाला घेऊन माळनाक्याला एका शिंपिणीकडे जाते. आज चेष्टेने विचारलं, “किती ब्लाउज शिवायचे एका बाईला?” तर लाल झाली. म्हणाली, “शिलाई शिकतेय.” शिकू दे. घरात बसून तिचं डोकं नको ते विचार करतं. पण अजून एक बटणसुद्धा लावलेलं मी पाहिलं नाही.

शमिका गुरुवारी आली की हात फार हलवते. बाहेर नेलं की शिस्त मोडते.

६ जुलै, शनिवार

शाळेत वक्तृत्व स्पर्धेची निवड होती. सातवीतल्या एका मुलीने असं स्वच्छ म्हटलं, प्रत्येक अक्षर टिचकी मारून पाहावं तसं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतर शिक्षकांना वाटलं, सरांना भाषण आवडलं.

घरी येऊन शमिकाला आरशासमोर बसवलं. ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापा’ ओठांवर सारखेच दिसतात, तिला फरक कळत नाही. तासभर केलं. ती मशीन काढून फेकून पलंगाखाली गेली.

मग अपूर्वाचं आणि माझं वाजलं. ती इतकं कधी बोलत नाही. म्हणाली, “पोट दुखतं का डोकं दुखतं, एवढं तरी तिला सांगता यायला नको? कसंही सांगू दे. हाताने सांगू दे, पायाने सांगू दे.”

मी म्हटलं, “आणि तू-मी नसताना? रस्त्यावर कुणाला कळणार आहेत तुझे हात?”

“शिकतील. माणसं शिकतात.”

माणसं शिकत नाहीत. आमच्या गावात धोंडू होता. मुका म्हणायचे त्याला, नावाने कुणी हाक मारली नाही. मारून उपयोगही नव्हता. लांब असला की खडा मारून बोलवायचे. गुरं राखायचा. दिसेल त्याला हातवारे करून काहीतरी सांगत असायचा आणि आम्ही पोरं त्याच्यासारखे हात करून हसायचो. मीही हसलोय. तो मेला तेव्हा त्याला काय होत होतं, कुठे दुखत होतं, कुणालाच माहीत नव्हतं.

माझी मुलगी धोंडू होणार नाही. हे अपूर्वाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं बहुतेक.

१५ जुलै, सोमवार

दोघी लांज्याजवळ सासुरवाडीला भातलावणीला गेल्या होत्या, आज आल्या. आठ दिवस सराव बुडाला. शमिकाचे पाय अजून लाल मातीने रंगलेले. अपूर्वाच्या टाचेला कसलंसं कापलंय. मी म्हटलं, आयोडीन लाव. म्हणाली, चिखलात कितीदा कापतं, आपोआप बरं होतं.

शमिका काळी झाली, पण अंगाने भरली. आल्यापासून माझ्याकडे पाहून हात उचलते आणि आठवण झाल्यासारखी खाली घेते. नियम विसरली नाही म्हणायची.

२१ जुलै, रविवार

अपूर्वाला ताप. अंग दुखतंय, पोटऱ्या जास्त. तापाची गोळी दिली. पाऊस असा की घरोघरी एक तरी आडवा आहे. भात मीच टाकला.

शमिका: ‘दे’ स्पष्ट. ‘नको’चा ‘ओको’.

२३ जुलै, मंगळवार

ताप उतरतो, परत चढतो. डोळे लाल झालेत. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाली, “उद्या बघू, तुमची घटक चाचणी आहे ना.” आहे खरी. पेपर काढायचे होते.

शमिका तिच्या पायाशी बसून पोटऱ्या दाबत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

२५ जुलै, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा!

पावसामुळे कलेक्टरांनी शाळांना सुट्टी दिली. मी पुढच्या खोलीत पेपर तपासत होतो. अपूर्वा आत झोपलेली. साडेअकराच्या सुमारास शमिका धावत आली आणि माझा शर्ट ओढायला लागली. हात भराभर चाललेले. उजवा हात उभा धरायचा आणि धपकन आडवा पाडायचा, मग बोट डोळ्याकडे. परत तेच. बोटांना, पापण्यांना हळद. स्वयंपाकघरात डोकावलो तर हळदीचा डबा उपडा, फरशीभर पिवळं. कसला खेळ हा, आई आजारी असताना?

मी तिचे दोन्ही हात धरले. घट्ट धरले. समोर बसवून म्हटलं, “तोंडाने सांग.”

ती हात सोडवत होती. मी सोडले नाहीत. “तोंडाने.”

आणि ती म्हणाली, “आई.”

‘आ’ मोकळा आणि ‘ई’ लांब, ओठ जसे ताणायला हवे तसे ताणलेले. अडीच वर्षं यासाठी घालवली. कान माझाच फसला असेल म्हणून परत म्हणायला लावलं. परत म्हणाली. पाच वेळा म्हणाली, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. मी हात सोडले आणि टाळ्या वाजवल्या. खोबऱ्याची वडी दिली. तिने ती फेकून दिली आणि पाय आपटत रडायला लागली. श्रम फार झाले असतील. मॅडम म्हणाल्याच होत्या, मोठ्या प्रयत्नानंतर मूल चिडतं.

लगेच लिहायला बसलोय. अपूर्वाला सांगायचंय, पण झोपू दे थोडी. आता ती परत माझा शर्ट ओढते आहे. बघतो काय म्हणते.

२९ जुलै, सोमवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे.

त्या दिवशी वही मिटली आणि शमिकामागून गेलो. पलंग रिकामा होता. अपूर्वा मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडापाशी आडवी पडली होती. उलटी झाली असावी म्हणून मागे गेली असेल. शुद्ध होती, पण उठता येत नव्हतं. डोळ्यांचं पांढरं पिवळं जर्द झालं होतं.

रिक्षातून आणली. लेप्टो म्हणतात. शेतातल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून. मूत्रपिंडावर गेलंय. डॉक्टर म्हणाले, “दोन-तीन दिवस आधी आणायला हवं होतं.” त्यांनी रागावून म्हटलं नाही. मी विचारलं, सकाळी तास-पाऊण तास लवकर आणली असती तर? म्हणाले, तासाने फरक पडला नसता.

डॉक्टर असं प्रत्येकालाच सांगत असतील.

शमिका शेजाऱ्यांकडे आहे. इथे लहान मुलांना आत घेत नाहीत. काल अपूर्वाला बोलायचं होतं, तोंडात नळी होती. तिने हात उचलला आणि बोटांनी काहीतरी केलं, दोनदा, तिसऱ्यांदा. मी म्हटलं, दमू नकोस. तिने हात खाली ठेवला.

१ ऑगस्ट, गुरुवार

अपूर्वा गेली. दुपारी दोन वाजता.

१५ ऑगस्ट, गुरुवार

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. सासूबाई (आनंदीबाई) राहिल्या आहेत, शमिकासाठी.

शमिकाला स्मशानात नेलं नाही. घरी आणलं तेव्हाही दाखवलं नाही. सगळे म्हणाले, लहान आहे, घाबरेल, आणि मला ते पटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं. त्यामुळे तिच्या लेखी आई रिक्षात बसून गेली आणि अजून यायची आहे. रिक्षाचा दिवा दिसला की गेटवर धावते.

आज तिला सांगायचं ठरवलं. खिडकीसमोर, उजेडात बसलो, ओठ नीट दिसावेत म्हणून. सावकाश म्हटलं, “आई. देवाच्या. घरी. गेली.”

ती माझ्या ओठांकडे डोळे बारीक करून बघत होती. माझ्या हनुवटीला हात लावून तिने परत म्हणायला लावलं. ‘आई’ कळलं. ‘देव’ माहीत आहे, ‘घर’ माहीत आहे. तिचा चेहरा उजळला. उठली, स्वयंपाकघरात गेली आणि देव्हाऱ्याचं दार उघडलं. आत पाहिलं. गणपती बाजूला केला, अन्नपूर्णा बाजूला केली, तसबिरींच्या मागे हात घालून चाचपलं. मग देव्हाऱ्याच्या खाली वाकून पाहिलं.

परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तशी बघत होती.

सासूबाई पदर तोंडाला लावून मागे गेल्या.

१९ ऑगस्ट, सोमवार

जेवत नाही. मशीन लावू देत नाही. जो दिसेल त्याच्यापुढे एकच करते: दोन बोटं गालावर टेकवायची, मग तळहात उघडून पुढे. पोस्टमनपुढे केलं, दूधवाल्यापुढे केलं. माझ्यापुढे करत नाही.

आज सासूबाईंना म्हटलं, काय सांगते कळत नाही. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “गालावर बोटां म्हंजे आई. आई खय... आई कुठं, असा इचारतंय ता पोर.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“लावणीला आल्या तवा आठ दिस दोघी बोलतच होत्या. चिखलात हुब्या ऱ्हाऊन हातांनी बोलायच्या. मी अपूला म्हटला, बाय, हात चालव जरा, रोपां सुकतायत. तर ह्या पोर हसून हसून पाण्यात बसला.” हातातली काडी टाकली. “घरी असा करू नको म्हणून अपूच सांगायची तिला. जावईबापूंना आवडत नाय म्हणून.”

मग म्हणाल्या, “ती माळनाक्याची शिंपीण. मुकीच हाय ती. तिच्याकडंच शिकली अपू.”

मी पेपर तपासायला बसलो. एकही तपासून झाला नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

माळनाक्याला गेलो होतो. लिहावं की नाही कळत नाही, पण लिहितो.

दुकान म्हणजे एक खोली. बाईंचं नाव ज्ञानेश्वरी, तिशी-पस्तिशीच्या. शमिका दारातच माझं बोट सोडून त्यांच्या कमरेला जाऊन बिलगली. त्या हसल्या, माझ्यामागे पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. मग कापडावर खुणा करायची पेन्सिल आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं: ‘मी शमिकाचा बाबा. अपूर्वा १ ऑगस्टला गेली.’

त्यांनी खाली लिहिलं: ‘कुठे गेली?’

शाळेत वाक्प्रचार शिकवतो मी. देवाघरी जाणे, डोळे मिटणे, निरोप घेणे. तीन आठवड्यांत मी, सासूबाई, पाहुणे, कुणीच तो साधा शब्द वापरला नव्हता. मी लिहिला: ‘मेली.’

त्या कागदाकडे बघत राहिल्या. डोळे पुसायला पदर घेतला तोही अर्ध्यावर राहिला. मग लिहिलं, ‘शमिका माहीत?’ मी मान हलवली, नाही. ‘मी सांगू?’ मी हो म्हटलं. दुसरं कोण सांगणार होतं?

त्यांनी शमिकाला समोर स्टुलावर बसवलं. गालावर दोन बोटं: आई. मग शमिकाचा तळहात घेऊन स्वतःच्या छातीवर ठेवला आणि श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. आणि थांबवला. थांबवलेलाच ठेवला. शमिका हाताकडे बघत होती, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. त्यांनी परत आई केलं, आणि हातांनी आणखी काही, ते मला लिहिता येत नाही. घाई केली नाही. काही लपवलं नाही. शमिकाने काही विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. परत विचारलं, परत तेच उत्तर.

मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिने हात मांडीवर ठेवले आणि डोकं त्यांच्या पोटात खुपसलं. तोंडातून एक बारीक आवाज येत होता, कुठल्याच अक्षराचा नव्हता.

बऱ्याच वेळाने उठून बसली आणि बोलायला लागली. होय, बोलायलाच. चाळीस-पन्नास खुणा सलग, भुवया वर, मान तिरकी, मध्येच थांबून आठवत, चुकलं की पुसून परत. सहा वर्षं मी या पोरीला सात शब्दांची समजत होतो. दोनदा माझ्याकडे बोट केलं. मी कागद पुढे केला.

ज्ञानेश्वरीबाईंनी लिहिलं. मग पेन्सिल थांबवली. मी हात जोडले, तेव्हा पुढे लिहिलं. कागद आणलाय, तसाच उतरवतो.

‘शमिका सांगते. आई पडली मागे. मी बाबा सांगितलं आई पडली. आई डोळे पिवळे. हळद दाखवली. बाबा हात पकडले. बाबा टाळ्या वाजवल्या. शमिका विचारते, आई पडली, बाबा खूश का?’

‘मला कळलं नाही’ एवढं लिहिलं. त्यांनी ते तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. विश्वास ठेवला की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून वाचता आलं नाही. सवयच नाही मला तिचा चेहरा वाचायची. मी कायम ओठ बघत आलो.

निघताना बाईंनी आणखी एक ओळ लिहिली. ‘अपूर्वा दर गुरुवारी म्हणायची, एक दिवस बाबाला आणणार इथे.’

२४ ऑगस्ट, शनिवार

थेरपिस्ट मॅडमना फोन केला. भांडायलाच केला होता. तुम्ही म्हणालात म्हणून खुणा बंद केल्या, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, “सर, घरात भरपूर बोला असं सांगितलं होतं मी. हात धरून ठेवा असं नव्हतं सांगितलं. तिच्या नसेचा रिपोर्ट पाहिल्यावर दोन्ही चालू ठेवू म्हटलं होतं, तुम्ही विषय बदललात.”

फाईल काढून पाहिली. त्यांच्या अक्षरात कुठेही नाही. ‘खुणा बंद’ हे माझ्या अक्षरात आहे, लाल शाईने, खाली दोन रेघा.

हॉस्पिटलमध्ये अपूर्वा बोटांनी तीनदा काय म्हणाली? सगळं आठवून ज्ञानेश्वरीबाईंना करून दाखवायला हवं, पण मला ते हात नीट आठवत नाहीत. मी त्या वेळी सलाइनच्या बाटलीकडे बघत होतो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

यंदा गणपती आणला नाही. गौरी-गणपतीत सगळीकडे झांजा, आमच्याकडे शांतता. आज विसर्जनाला आळीतली माणसं निघाली, तेव्हा शमिकाने दारात उभं राहून ढोलाचे हादरे पायांनी ऐकले. मला खूण करून सांगितलं: जमीन, थरथर. मला पहिल्या फटक्यात कळलं.

दर गुरुवारी जातो. माझी बोटं जाड आहेत, वळत नाहीत. शमिका मला, स्वतःहून लहान मुलाला शिकवावं तसं शिकवते, आणि चुकलो की कपाळाला हात लावते. सासूबाईंना माझ्याहून जास्त येतं. कुणी विचारलं तर त्या म्हणतात, “आपला सोपा हाय. काय दिसता तसा करायचा.”

मशीन परत लावते आहे, स्वतःहून. सकाळी अर्धा तास शब्दही करतो. पाणी मागितलं, कसंही, की आधी पाणी देतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानातून चालत परत आलो. शमिका कुंपणाशी थांबली. एक चिमणी मरून पडली होती, मुंग्या लागलेल्या. ती उकिडवी बसून बघत राहिली. मी ओढून नेलं नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई भात वाढत होत्या. शमिका माझ्यासमोर येऊन बसली आणि हातांनी विचारलं. आई मेली. चिमणी मेली. मग बोट माझ्या छातीवर टेकवलं, भुवया वर केल्या. तू पण?

तोंडाने असतं तर मला दहा वाक्यं सुचली असती. असं बोलू नये बाळा, देव आहे, आजी आहे, जेव बघू आधी. हातांत मला पन्नासेक खुणा येतात आणि त्यांत असली एकही नाही.

मी हो म्हटलं. मी पण.

ती बघत होती. घाईघाईने पुढचं जोडायला गेलो. आज नाही. मी, इथे. आज, इथे. ‘पुष्कळ वर्षांनी’ कसं करतात ते मला येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं आणि माझे हात तिथेच अडले, आज, इथे, आज, इथे, असे वेड्यासारखे.

तिने माझा हात धरला. अंगठा आत होता तो बाहेर काढला, मनगट वळवलं आणि पुढे ढकललं. उद्या. मी केलं. तिने परत केलं. उद्या. मी केलं. किती वेळा झालं मोजलं नाही. आजी ताट घेऊन उभी होती.

मग तिने नाक पुसलं आणि भात खायला बसली.